सुरगाठ

वूच शहरात, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या अंगणात
यादविगा विटा साफ करते. नगावर पैसे.
बोथट छिन्नी, गुडघ्यावर दुमडलेलं पोतं,
त्यावर वीट पालथी,
तान्ह्याला न्हाऊ घालताना घेतात तशी,
आणि पाठीवरून चुना खरवडायचा.

चुना सोडतो.
सव्वाशे वर्षं धरून ठेवलं, तरी सोडतो.
एक टोला, फार तर दोन.

मी वहीत रेघा ओढतो, चार उभ्या, एक आडवी.
रकाने दोनच: 'पुन्हा लावण्याजोगी' आणि 'भराव'.

याच गिरणीत ती एकोणीस वर्षं होती,
तुटलेला धागा सांधायला.
"दिवसाला हजार गाठी मारल्या असतील," म्हणते,
"आता बस सोडवत."
हसली नाही. नाकातली धूळ शिंकरली.

नोव्हेंबरात पूर्वेची भिंत लागली.
डबा खायची खोली, मागाहून वाढवलेली, सिमेंटात.
तिनं टोला दिला.
वीट फुटली, सांधा नाही.
दुसरी. तिसरी.
दुपारपर्यंत तिच्या नावावर अकरा विटा
आणि माझा भरावाचा रकाना पान उलटून पुढं.

"ही बांधली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.
साहेब म्हणाले, आता जन्मात हलायची नाही."
हातातल्या तुकड्याकडं बघत राहिली.
"नाहीच हलली."

मग खिशातून सुतळी काढली.
एक गाठ मारली: "ही निरगाठ. हिला कात्रीच लागते."
दुसरी मारली, टोक माझ्या हातात दिलं.
ओढलं. सुतळी सरळ, जशी होती तशी.
"ओझं मात्र दोन्ही सारखंच पेलतात," म्हणाली,
आणि गार झालेला चहा ओतून दिला.

शनिवारी ट्रक आला. विटा बालवाडीच्या भिंतीला जाणार होत्या.
"चुन्यात लावणार की सिमेंटात?"
झेनोन म्हणाला, "मावशी, मी गाडी चालवतो."

तिनं कोळसा उचलला,
प्रत्येक थप्पीच्या सगळ्यात वरच्या विटेवर लिहिलं, 'चुना'.
अक्षर वाईट. शेवटच्या थप्पीवर कोळसा मोडला,
तिथं नुसतंच 'चु'.
वरून ताडपत्री टाकली, दोरी आवळली.

कुठली गाठ मारली, मी विचारलं नाही.
माझी मोजणी चालू होती,
आणि 'चु' लिहिलेली वीट कुठल्या रकान्यात घालू
ते मला अजून ठरवायचं होतं,
कारण तिचा एक कोपरा उडालेला होता.