आडवी

तेरच्या पांढरीत माती खणताना
केवळाबाई कुंभारणीच्या कुदळीला ते लागलं:
हातभर लांब, गाजरासारखं निमुळतं,
तळाला भरीव टोक.
तिनं ते दारात ठोकलं
आणि शेळी बांधली.

तीन वर्षांनी मी गेलो, संग्रहालयाची वही घेऊन.
म्हणालो, बाई, ही सुरई समुद्रापलीकडची.
तिकडं डोंगरउतारावर द्राक्षं,
पायांनी तुडवायची,
सुरईला आतून राळ फासायची, रस भरायचा,
गलबताच्या पोटात वाळूत रोवायच्या, ओळीनं.
मग भडोच. मग बैल.
मग इतक्या लांब, तेरणेच्या काठी.

तिनं टिचकी मारून ऐकलं.
"भाजलंय झ्याक.
पण बूड असं? हे उभं कसं ऱ्हावं?
चुंबळीवरबी कलंडल."
मग, "काय असायचं ह्यात?"

"दारू," मी चाचरत.

गावातलं दुकान बंद करायला
सातशे बाया हिनंच रांगेत आणलेल्या,
भर चैत्रात, डोईवर पदर.
चिठ्ठीवर दोन चित्रं:
उभी बाटली, आडवी बाटली.

ती इतकी हसली
की शेळीनं चरणं थांबवलं.
"मंग ही तर जल्माचीच आडवी!
हिला कामून मत द्यायचं?"

तोंडाशी नाक नेलं तिनं, त्या फुटक्या कडेशी.
"काय येतं?"
"शेरडाचा वास. दुसरं काय."

वहीत लिहिलं:
मूळ ठिकाण, माहीत नाही.
देणार, केवळाबाई.
आणि खर्चाच्या रकान्यात,
लोखंडी खुंटी, एक.