चोक अर्धाच ओढायचा

जाहिरातीत इतकंच लिहिलं:
एमजी, सत्तावन्न सालची, दोन आसनी, गडद हिरवी,
इंजिन नव्यानं बांधलेलं, कागदपत्रं पूर्ण,
फक्त गरजूंनी फोन करावा.
मग माझंच मला हसू आलं.
दोन आसनी गाडीची गरज कुणाला असते?
आमच्या घरात पाच माणसं.

फोन आले. विट्याच्या एकानं विचारलं, एसी आहे का.
एकाला हवी होती लग्नात, फुलं लावून, तासावर.
तासगावच्या बेदाणेवाल्यानं ॲव्हरेज विचारलं
आणि ऐकून फोनच ठेवला.

मला मिळाली तेव्हा हिच्यात कोंबड्या होत्या.
मिरजेत, मिशनच्या बंगल्यामागं, पत्र्याच्या शेडात.
डॉक्टर मायदेशी गेलेले, किल्ली चुकून खिशातच,
गाडी उरली माळ्याकडं.
ड्रायव्हरच्या जागेवर एक खुडूक अंड्यांवर बसलेली.
माळी म्हणाला, एकवीस दिवस थांबा.
थांबलो.
पुढं अकरा वर्षं थांबलोच.

दिवसा कुपवाडला लेथवर दुसऱ्यांचे व्हॉल्व्ह,
रात्री हिचे.
विलायतेहून आलं ते गॅस्केटचं एक पाकीट,
बाकी सगळं आसपासचं.
चाकांच्या तारा ओढल्या सायकलवाल्या आण्णाप्पानं,
एकेक तार नखानं छेडून, कान लावून.
हुड शिवलं मांडववाल्यानं,
उरल्या कापडात त्याच्या पोरीचं दप्तर झालं.
आणि डॅशबोर्ड मकबूलभाईचा.
आयुष्यभर सतारीचे भोपळे तासलेला माणूस,
म्हणाला, "अक्रोड कशाला, जिनगोंडा? तूण घे.
लाकूड मुकं नको."

एकोणीसला कृष्णा घरात आली.
आधी माणसं काढली, मग म्हैस, मग सिलिंडर.
इंजिन चेनब्लॉकनं तुळईला टांगलं
आणि बॉडी दिली पाण्याला.
परत आलो तर सीटवर गाळ, गाळात कुणाचं तरी
दहावीचं मार्कलिस्ट, गणितात एक्क्याण्णव.
ते वाळवलं. पत्ता लागला नाही.
ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, गाडीबरोबर जाईल.

पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा
शेजारी मकबूलभाई. दंडोबाच्या वाटेला,
पहाटे, ऊसवाहतूक सुरू व्हायच्या आत.
काटा मैलात बोलतो हिचा.
चाळीसवर गेला आणि डॅशबोर्ड गुणगुणला.
मी ब्रेककडं पाय नेला.
"थांब, थांब," म्हातारा म्हणाला, "पांढरी दोन आहे.
जरा असाच राहा."
मग सात मैल आम्ही कुणीच बोललो नाही.

काल पुण्याचा माणूस आला.
बूट चांगले, स्वभावही वाईट नव्हता.
खिशातून लोहचुंबक काढला, रुमालात गुंडाळलेला,
आणि गाडीवरून फिरवत गेला
डॉक्टर पोट तपासतो तसा.
डाव्या दाराखाली चुंबक गळून पडला.
"इथं पुट्टी आहे."
"इथं पूर आहे," मी म्हणालो.
त्याचे तीस हजार वजा झाले.

मग चक्कर मारून आला.
"चाळीसला एक आवाज येतोय. कशाचा?
काढता येईल?"
मकबूलभाई दारातल्या खुर्चीवर बसलेले,
त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.
येईल, हे मला ठाऊक होतं.
मागं रबराच्या दोन चकत्या. अर्ध्या तासाचं काम.

धाकटीची फी पंधरा तारखेला आहे.

"रस्त्याचा आहे," मी म्हणालो. "नव्या रस्त्यावर जाईल."
आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली,
जी मी स्वतः कानशीनं घासून केली होती.
सकाळी गार असेल तर चोक अर्धाच ओढा, म्हणालो.
पूर्ण ओढलात तर रुसते.
त्यानं हे फोनमध्ये लिहून घेतलं.
अर्धाच, असं दोनदा विचारून.