नाकासमोर

पेरगुसाकच्या तळघरात मी पिंपं धुते.
एकतीस वर्षं. साखळी, कढत पाणी, मग गंधकाची वात.
पिंपाच्या तोंडाशी वाकून गुणगुणलं
की आपलाच आवाज दुप्पट मोठा होऊन परत येतो,
एवढीच काय ती चैन.

वर द्राक्षांच्या रांगा,
प्रत्येक रांगेच्या टोकाला एक गुलाब,
आणि जमीन म्हणाल तर नुसते गोटे.
बटाटासुद्धा धड पोसणार नाही अशी.
पाहुणे येतात, एखादा गोटा गुपचूप खिशात टाकतात,
मादाम बघून न बघितल्यासारखं करतात.
पलीकडे जिरोंद, मातकट,
भरतीला दिवसातून दोनदा उलटी वाहते.

ओक्ताव लाबादी आमच्या तळघराचा मुख्य.
नाकासमोर चालणारा माणूस.
वाइनवाल्यांच्या जेवणात बाकीचे नाकाने कांदे सोलायचे,
हा आपला गप्प पाव मोडत बसायचा,
कारण नाक खरं तर त्याच्याकडे होतं.
पेला ओठांशी नेऊन सांगायचा:
ही वरच्या उताराची.
हिला तोडणीआधी दोन दिवस पाऊस लागलाय.
आणि हे पिंप, सोलांज, तू शनिवारी घाईत धुतलंस.
धुतलं होतं. बहिणीचं लग्न होतं.

जानेवारीत त्याला ताप आला. आठ दिवस.
नवव्या दिवशी उतरला खाली,
गळपट्टा तोच, मेणबत्ती तीच.
पेल्यामागे ज्योत धरून रंग पाहिला,
हुंगलं,
मान डोलावली.
चौदा नंबरचं पिंप.
ते आंबलं होतं. मला दारातच कळलं होतं.

मी ब्रश खाली ठेवला.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग ज्योतीकडे,
बराच वेळ.

त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

मार्चमध्ये मिसळणीचा दिवस.
पांढरी चादर, सतरा पेले,
मादाम, त्यांचे जावई, बोर्दोहून आलेला सल्लागार.
कॅबर्ने किती, मेर्लो किती, यावर वर्षाचं नशीब.
मी थुंकायची भांडी बदलायला आत.
चौथ्या पेल्यापाशी ओक्तावचा हात थांबला.
मागून भांडं उचलता उचलता
मी स्वतःशीच म्हटलं,
काय बाई, नुकतं पेन्सिलीला टोक केल्यासारखं.
सहाव्याला म्हटलं,
आईच्या कपाटातले हातमोजे.
नवव्याला काही बोलले नाही, नुसती खोकले.
जावई म्हणाले, ही बाई फार बडबडते.
ओक्तावने नववा पेला
दोन बोटांनी चादरीच्या कडेला सरकवला.

मग अंडी. पिंपामागे सहा.
पांढरं फेटून आत सोडायचं,
ते सगळा गाळ कवेत घेऊन तळाशी जातं.
बलक उरतात बादल्याच्या बादल्या.
त्या वसंतात गावातल्या पोरांनी
इतके केक खाल्ले की शेवटी कुत्र्यांना घातले.

बाटल्या भरल्या दोन वर्षांनी.
लेबलावर तोच जुना फाटकाचा छाप.
पॅरिसच्या मासिकात अर्धं पान आलं,
लाबादींच्या नाकाला तोड नाही, असं काहीतरी.
मादामनी ते कात्रण चौकटीत घातलं.

संतांच्या सणाला संध्याकाळी
तो माझ्या स्वयंपाकघरात आला,
कोटाखाली बिनलेबलाची बाटली.
दोन पेले भरले. आपला हुंगला नाही.
म्हणाला, सांग.

मी नाक आत घातलं.
भिजलेले गोटे होते त्यात,
काळं बेदाण्याचं झाड, पान चुरगळल्यावर येतं तसं,
आणि खाली, खूप खाली, शिसपेन्सिल.
पण मी म्हटलं,
तुझ्या गळपट्ट्याचा वास आहे.
मेण आणि धूर.

तो हसला.
म्हणाला, मग शनिवारी धुतलेलं पिंप असणार.

मंगळवारी धुतलं होतं. सावकाश.
असू दे.