चिमूटभर पिवळं

एप्रिलात बर्फ विरघळतो, पण सगळा नाही.
खोडांच्या उत्तरेला तो उरतो, ओल धरलेल्या साखरेसारखा.
तेवढ्या दिवसांत माझं काम:
प्रत्येक आस्पेनच्या पायाशी गुडघे टेकायचे
आणि लेंड्या शोधायच्या.

पिवळ्या. तांदळाच्या कणीएवढ्या.
हिवाळाभर बर्चचे तुरे खाल्ल्याचा रंग.
जून लागला की त्या मातीत जातात,
आणि मग इथे कुणी राहतच नव्हतं
असं शपथेवर सांगता येतं.

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात,
मी लेंडीवरून रानाची.
वय अठ्ठावन्न, गुडघ्यांची वाट लागलेली,
खिशात भिंग आणि औषधाच्या रिकाम्या डब्या.

कुओपिओच्या या उतारावर एकशे वीस घरं येणार,
सहा मजली, सरोवराकडे तोंड करून.
कंत्राटदार हाउतामाकी गाडीतून उतरत नाही.
काच खाली करतो: "सापडलं काही?"
दवाखान्याच्या बाकावर
रिपोर्टची वाट बघणाऱ्यांचा असतो तो आवाज.

सापडलं होतं.
सतराव्या झाडाशी, सुतारपक्ष्याच्या जुन्या ढोलीखाली,
चिमूटभर पिवळं.

खरं सांगते, मी लगेच बोलले नाही.
त्या घरांच्या यादीत त्रेचाळिसावं नाव माझ्या भाचीचं.
सायमी. सातवा महिना.
भाड्याच्या खोलीच्या भिंतीला ओल,
आणि त्या ओलीवर तिनं लावलेलं बाळाच्या टोप्यांचं चित्र.
बूट नुसता फिरवला असता तरी पुरलं असतं.
बर्फ होताच.

उडखार उडत नाही.
ती पडते, पण लांबवर, मनाजोगी,
कातडीची घडी उलगडून, ह्या खोडावरून त्या खोडावर.
मधली झाडं तोडली
तर पलीकडचं रान तिला दिसत राहतं, पोचत नाही.
हे मी सभेत सांगितलं.
कुणीतरी म्हणालं, "एका खारीपायी?"
मी म्हणाले, एका नाही, पण मोजून दाखवता येणार नाही.
माझाच आवाज मला पोकळ लागला.

तीन बैठका. कॉफीचे किती थर्मास, देव जाणे.
हाउतामाकीनं टेबलावर हात आपटला,
मग त्याच हातानं नकाशा सरळ केला.
वास्तुरचनाकार पोरगी, व्हिएनो, रात्रभर बसली
आणि इमारत अकरा मीटर सरकवली, थोडी तिरकी केली,
जसं दारातून पलंग नेताना करतात.
आस्पेनची एक पट्टी राहिली, ढोलीपासून टेकडीपर्यंत.
अठरा घरं गेली.

ती अठरा कुणाची, ते चिठ्ठ्यांनी ठरलं.
सायमीची चिठ्ठी निघाली नाही.
ती मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
बारशाला मी लोकरीचे मोजे नेले,
तिनं घेतले, बाजूला ठेवले,
थोड्या वेळानं बाळाच्या पायात घातले.
भिंतीवरचं चित्र आता थोडं मोठं होतं.

आज पुन्हा एप्रिल.
पट्टीत उजेड जास्त झालाय, कडेची दोन झाडं वाऱ्यानं पडलीत.
सतराव्याशी काही नाही.
अठराव्याशी नाही. विसाव्याशी कुत्र्याचं.
एकोणतिसाव्याशी एक.
एकच, फिकट. कदाचित गेल्या सालची,
कदाचित पाण्यानं वाहत आलेली.
वहीत लिहिलं: एक. पुढे प्रश्नचिन्ह.
ते खोडायला पेन्सिल उलटी केली, आणि तशीच धरून बसले.

चौथ्या मजल्यावर एक बाई गोधडी झटकत होती.
वाकून विचारलं तिनं, "काही हरवलंय का?"

हो म्हणाले. मग नाही म्हणाले.
मग गुडघा चोळत म्हणाले,
थांबा जरा,
अजून चार झाडं राहिलीत.