बारा मार्चची नोंद

बर्मिंगहॅमच्या उत्तरेला, लाल विटांच्या त्या घरात
कागदोपत्री आठ खोल्या. मी मोजल्या, अकरा निघाल्या.
जिन्याखाली एक, जिथे पूर्वी कोळसा ठेवत असतील.
दिवाणखाना प्लायवूडने चिरून दोन केलेला.
न्हाणीघराला कडी होती, बाहेरून.

दर माणसामागे, दर आठवड्याला
कौन्सिल दोनशे बेचाळीस पौंड पाठवत होतं.
छपराचे कमी, आधाराचे जास्त.
आधार म्हणजे काय, ते करारात साडेचार पानं लिहिलंय.
मी हिशेब तपासते. साडेचार पानं मला पाठ आहेत.

खोली सहा. वेंडेल प्राइस, वय एकसष्ट, जन्म किंग्स्टन.
मोटारींचे दरवाजे ठोकण्यात एकोणतीस वर्षं,
मग घर गेलं, मग भावाचा सोफा,
मग कालव्यावरच्या पुलाखाली दोन हिवाळे.
मी त्याची फाईल त्याच्यापुढे ठेवली.
जे झालं नाही, त्याच्यापुढे 'नाही' लिहा, म्हटलं, आणि सही.

त्याने चष्मा लावला. एक काडी रबरबँडने बांधलेली.
पहिलीच नोंद: डोळे तपासून आणले, नवा चष्मा दिला.
नाही. सही.

'चार फेब्रुवारी. सामूहिक स्वयंपाक. वेंडेलने आईसारखा भात केला,
लाल घेवडा नि नारळाचं दूध घालून. सगळ्यांनी दोनदा घेतला.'
"आई असाच करायची," तो म्हणाला.
"पण यांना कुणी सांगितलं? इथे शेगडीच नाही."

'एकोणीस फेब्रुवारी. कालव्याकाठी पाऊण तास. बगळा दिसला.'
कागदी घोडे मी पुष्कळ पाहिलेत.
कागदी बगळा पहिलाच.

लिहिणारी पुढे सापडली. कॅरिस ट्रँटर, तेवीस वर्षांची,
कमीत कमी पगारावर, साठ फाईली.
हे घर तिने कधी पाहिलं नव्हतं.
साहेब म्हणायचे, सगळीकडे एकच लिहू नकोस, डोळ्यांवर येतं.
म्हणून मी प्रत्येकाला काहीतरी दिलं, ती म्हणाली.
कुणाला बगळा. कुणाला फुटबॉल. कुणाला मुलगी.

(पैसा कुठे गेला ते दुसऱ्या फाईलीत आहे:
पोर्तुगालमध्ये पोहण्याचा तलाव, मेव्हण्याच्या नावावर.)

'बारा मार्च. मुलीला फोन लावून दिला.
आधी गप्प होती. मग रडली. मग म्हणाली, ईस्टरला ये.'

वेंडेलचं बोट त्या ओळीवर थांबलं.
"मुलगी आहे तुम्हाला?"
"कोरली."
"नंबर?"
त्याने मान हलवली.
हीटर बंद होता, तरी भिंतीत काहीतरी टकटकत होतं.
"हे राहू दे," तो म्हणाला.

मी समजावलं. चाळीस मिनिटांचे एकतीस पौंड.
'नाही' लिहिलं नाहीत, तर ते त्यांच्याच खिशात राहतील.
"राहू देत," तो म्हणाला. "एवढ्याला स्वस्तच आहे."

एकशे सतरा नोंदी. एकशे सोळा 'नाही',
प्रत्येक सही आधीच्यापेक्षा थोडी वाकडी.
एक चौकोन कोरा.

ऑक्टोबरमध्ये सुनावणी झाली.
कंपनीच्या वकिलाला तो चौकोन बरोब्बर सापडला.
माझ्या अशिलांनी सेवा दिलीच नाही, म्हणतात.
मग हे काय? रहिवाशाने स्वतः नाकारलेलं नाही.
त्याने पान उंच धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं,
फोन, गप्प, रडली, ईस्टरला ये.

मी मागे वळून पाहिलं.
शेवटच्या रांगेत वेंडेल, कुणाचा तरी मोठा कोट घालून,
डोळे मिटून बसला होता.
वकील पुढच्या मुद्द्यावर गेला
तेव्हा त्याने डोळे उघडले, हात किंचित वर केला,
जणू म्हणणार होता,
पुन्हा एकदा वाचा.