अर्धं तिकीट

खानापूरच्या पुढं
बस जिथं नुसती हळू होते, थांबत नाही,
तिथं उतरले. समोर चर्च.
चिऱ्याच्या लाल अंगाला फिकट दगडाचं तोंड,
पातळाला काठ जोडावा तसं.
पण इथं काठच जुना, पातळ मागाहूनचं.

कैतानमामांनी कमरेच्या जुडग्यातली
सगळ्यांत मोठी किल्ली काढली. दार उघडायला नाही,
दाखवायला.
हा शंख, कमानीच्या डोक्यावर.
हे खांब, पिळून वाळत घालायला विसरलेल्या
धोतरासारखे.
ही पंखवाली पोरं, एकाचं नाक पावसानं नेलं.
आणि ही द्राक्षवेल. दाराच्या दोन्ही अंगांनी चढते,
वर जाऊन एकमेकींना भेटत नाही,
बोटभर जागा सोडते.
"ती कशाला?"
"आमच्या आज्यालाबी ठाऊक नव्हतं."

मग किल्ली थांबली.
"हे एक पान चुकलंय बघा.
वीज पडली त्या साली नवं बसवलं.
द्राक्षाचं सांगितलं, पाथरवटानं
खायचं पान करून ठेवलं.
आता पुण्याची माणसं येणार,
काढून मूळच्यासारखं बसवणार."

मी वर बघितलं.
नागवेलीचं पान. देठ जरा जास्त खुडलेला,
डावी बाजू उजवीपेक्षा फुगीर.
अप्पाच्या डाव्या डोळ्यात कपची गेली,
त्यानंतरची त्याची सगळी पानं,
उंबरठ्यांवरची,
पाट्याच्या कडेला हौसेनं काढलेलीसुद्धा,
अशीच एका अंगानं जेवलेली.
द्राक्षं त्यानं बघितली होती, बाजारात, पाटीत.
पाला कोण विकतंय?

त्या दिवशी घरी येऊन म्हणाला,
देवाचं तोंड करू नको म्हणाले,
पाला तेवढा कर.
आणि सुपारी कातरत बसला.

"काढल्यावर कुठं ठेवणार?"
"मागं, विहिरीवर. कपडे आपटायला
दगड लागतोच की."
"मला द्याल?"

कैतानमामांनी माझ्याकडं बघितलं,
मग माझ्या चपलांकडं, मग पानाकडं.
विचारलं काही नाही.
किल्ली परत जुडग्यात गेली.
"बारा-पंधरा किलो भरेल वो. न्यायचं कसं?"

बसनं, म्हटलं. मांडीवर घेऊन बसते.
बायकांना तिकीट नाही आता.
कंडक्टर ऐकलाच नाही
तर त्याचं अर्धं काढते.