खोली क्रमांक चार, तळ्याकडची

धाकट्यानं पुण्याहून परस्पर पैसे भरले
आणि फोनवर म्हणाला, अम्मा, दोन रात्री नुसतं बसायचं.
नुसतं म्हणजे कसं, ते काही सांगितलं नाही.

गड्ड्याची जत्रा नुकतीच उठलेली.
अशोक चौकातून रिक्षा केली, तुळजापूर रस्त्याला लागलो
आणि अर्ध्या तासात हिप्परग्याचं तळं.
एवढ्याशा अंतराला मी चार साड्या घेतल्या होत्या
आणि डबीत शेंगाची चटणी,
कुणी विचारलंच तर औषध म्हणायचं ठरवून.

बंगला गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरचा, म्हणे.
सोलापूरचं ऊन सोसेना म्हणून पाण्याकाठी बांधला;
भिंती अशा जाड की मे महिना बाहेरच ताटकळावा.
आता पितळी किल्ली, हात पुसायला सुगंधी रुमाल,
आणि जिथं घोडे बांधत तिथं मालिशची खोली.

माझ्या सासऱ्यांनी हा बंगला एकदा पाहिला होता.
बाहेरून.
पगारवाढ मागायला बारा जण चालत आले होते,
फाटकावरच्या राखणदारानं पाणी पाजून परत पाठवलं.
पाणी थंड होतं, एवढंच ते सांगायचे.
पगाराचं काय झालं, कधीच नाही.

हे न्हाणीघरात गेले ते बाहेरच येईनात.
दार ढकललं, तर टॉवेल खिडकीच्या उजेडात धरलेला,
काठ चिमटीत, चष्मा कपाळावर.
"आपल्या गल्लीतला नाही," म्हणाले,
"पण बाणा दाबून भरलाय. कुणीतरी जागं राहून विणलाय."
एमंडी, मी म्हटलं, आधी अंग पुसा.

जेवताना हात मांडीवर ठेवले तर परक्याचे वाटले.
चाळीस वर्षं, दिवसाला हजार विड्या,
त्यांना रिकामं बसणं कुणी शिकवलंच नाही.
सूप येईतो त्यांनी कापडी रुमालाची गुंडाळी केली,
अंगठ्यानं तोंड दुमडलं,
दोरा शोधत राहिले.
वाढणारा पोरगा, मल्लिनाथ, अक्कलकोटकडचा,
बघत होता. बोलला काहीच नाही,
फक्त कडक भाकरी आणून ठेवली,
जी यादीत नव्हती.
मी डबी काढली. त्यालाही चटणी दिली.

रात्री मात्र पंचाईत.
गादी ढगासारखी, उशा सहा,
आणि आवाज कशाचाच नाही.
आमच्या घरात खाली माग, वर आम्ही;
छत्तीस वर्षं त्या खटखटीवरच डोळा लागला,
तिन्ही पोरं तिच्यावरच झोपली,
वीज गेली की दचकून उठायची.
दोन वाजता हे म्हणाले, "झोपलीस?"
मी म्हटलं, "तुम्ही?"

मग वेताच्या खुर्च्यांत, एका चादरीत दोघं.
पाण्यावर कुठूनशी आलेली बदकं,
राखी, डोक्यावर काळे पट्टे.
नाव यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही.
एक उगाच ओरडलं, बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही.
लांब शहराचा उजेड. त्यात आपलं घर कुठलं,
यावर आम्ही बराच वेळ भांडलो.

दुसऱ्या रात्री मला युक्ती सुचली.
पलंगाच्या लाकडावर बोटाच्या पेरानं,
खट् खट्, खट् खट्, जरा थांबून परत,
धोटा इकडून तिकडे जावा तशी.
दहा मिनिटांत हे घोरायला लागले.
मी थांबले.
मग तळं होतं, आणि मी होते,
आणि मध्ये करण्यासारखं काही नव्हतं.
असंच म्हणत असावा तो.

सकाळी अकराला खोली सोडली.
निघताना हे फाटकाशी अडून बसले,
वॉचमनकडे पाणी मागितलं,
खोलीतल्या दोन भरल्या बाटल्या माझ्या पिशवीत असताना.
तांब्या उभ्यानं तोंडाला न लावता रिकामा केला.
रिक्षात बसल्यावर मी विचारलं,
थंड होतं?
म्हणाले, "बरं होतं."